हार्ले टूरिंगवर बाहेरचा रेडिओ बसवताना: २०१३ पर्यंतच्या गाड्यांसाठी

तुमच्याकडे १९९८ ते २०१३ या काळातली हार्ले-डेव्हिडसन टूरिंग असेल, म्हणजे इलेक्ट्रा ग्लाइड किंवा स्ट्रीट ग्लाइड, आणि तिच्या हँडलवरच्या बॅटविंग फेअरिंगमधला (वटवाघळाच्या पंखांसारखं पुढचं कवच) मूळ रेडिओ आता दमला असेल, तर हे वाचा. हार्ले भारतात अधिकृतपणे विकली जाऊ लागली २०१० पासून. त्या पहिल्या खेपेच्या गाड्या आता चांगल्याच मुरल्या आहेत. इंजिन ठणठणीत, पण रेडिओचा डिस्प्ले फिका, बटणांचं रबर चिकट, आणि ब्लूटूथ तर त्यात मुळातच नव्हतं.

२०१४ च्या मॉडेलपासून कंपनीने सगळी ऑडिओ यंत्रणा बदलली, जागा बदलली, वायरिंगही बदललं. त्या गाड्यांना इथलं काहीही लागू नाही. रोड ग्लाइडवाल्यांना निवडीचा आणि जोडणीचा भाग उपयोगी पडेल. त्यांची फेअरिंग मात्र हँडलवर नसून चेसीला बसवलेली असते, त्यामुळे ती उघडण्याची रीत वेगळी.

प्रत्यक्ष काम एका सुट्टीच्या दिवसात होतं. घोळ होतो तो त्याच्या आधी, खरेदीत. चुकीचा सेट आणला की पुढचा सगळा दिवस तो बसवण्याच्या खटपटीत जातो आणि शेवटी कुणीतरी मूळ वायरिंग कापतं. म्हणून पहिली दोन कलमं लांबलेली दिसली तरी वगळू नका.

१. मूळ रेडिओ दुरुस्त होतो का, ते आधी बघा

नुसता आवाज येत नसेल तर दोष रेडिओत असेलच असं नाही. फ्यूज, स्पीकरची सुटलेली तार, हँडलवरच्या स्विचमध्ये शिरलेलं पाणी, हे आधी तपासा.

दुसऱ्या गाडीचा जुना ओरिजिनल रेडिओ स्वस्तात मिळतोय म्हणून घ्यायचा विचार असेल तर जरा थांबा. २००६ नंतरचे मूळ सेट गाडीच्या चेसी नंबरशी बांधलेले असतात. दुसऱ्या गाडीवर लावले की लॉक होतात, आणि ते उघडायला डीलरकडचं डायग्नोस्टिक यंत्र लागतं. विकणारा हे सहसा सांगत नाही.

अल्ट्रा मॉडेल असेल तर आणखी एक हिशेब करा. मागच्या सीटवरची बटणं, चालक आणि मागे बसणाऱ्यातला इंटरकॉम, सीबी रेडिओ (गाडी-गाडीत बोलायचा वायरलेस) हे सगळं मूळ रेडिओमधून चालतं. बाहेरचा सेट बसवलात की यातलं बहुतेक जातं. हेल्मेटमध्ये ब्लूटूथ इंटरकॉम वापरत असाल तर त्याचं दुःख नाही.

२. सेट निवडताना

खोली बघा. मूळ रेडिओची जागा सिंगल-डिनपेक्षा, म्हणजे कारच्या रेडिओच्या ठरलेल्या मापापेक्षा, थोडी मोठी असते, म्हणून मध्ये एक अ‍ॅडॉप्टर चौकट आणि सील लागतं. सिंगल-डिनचं तोंड साधारण १८० बाय ५० मिमी, ते सगळ्यांचं सारखंच. फरक असतो मागे किती लांब आहे त्यात. सीडी असलेला कारचा सेट लांब असतो आणि फेअरिंगच्या आत वायरिंगची जुडी, केबल, मीटरांचे मागचे भाग अशी दाटी असते. सीडी नसलेला, आखूड बांध्याचाच घ्या.

पाणी बघा. बोटींसाठी बनवलेले, म्हणजे मरीन, सेट यासाठी चांगले. त्यांच्या सर्किटवर ओलाव्यापासून संरक्षण देणारा लेप असतो आणि प्लास्टिक उन्हात लवकर पांढरं पडत नाही. पण खोक्यावर वॉटर रेझिस्टंट लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच सेटमध्ये ते संरक्षण फक्त पुढच्या तोंडापुरतं असतं, तेही सील नीट बसलं तर. जुलैत ताम्हिणी उतरताना पाणी समोरून येतं, खालून येतं, आणि उभ्या गाडीवर वरून तर येतंच. कारचा साधा सेट यात एखादा पावसाळा काढेलही, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

डिस्प्ले आणि बटणं बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच डिस्प्ले झकास दिसतात. सेट बाहेर उन्हात नेऊन बघा. आवाजाला गोल फिरणारी खुंटी हवी, हातमोजे घालून फिरवता येईल अशी. चकचकीत टचस्क्रीनच्या मोहात पडू नका.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट: ओहम, म्हणजे स्पीकरचा विद्युतरोध. २००६ ते २०१३ च्या गाड्यांतले मूळ स्पीकर २ ओहमचे आहेत. बाजारातले बहुतेक सेट ४ ओहमसाठी बनवलेले असतात. ४ ओहमच्या सेटला २ ओहमचा स्पीकर लावला की तेवढ्याच व्होल्टेजला दुप्पट करंट वाहतो. सुरुवातीला आवाज मस्त लागतो, मग सेट तापतो आणि प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो. थंड झाला की पुन्हा चालू, म्हणून माणूस वायरिंगमध्ये लूज कनेक्शन शोधत बसतो. दोन उपाय आहेत. एक तर ज्याच्या माहितीपत्रकात २ ओहमला चालेल असं स्पष्ट लिहिलंय तोच सेट घ्या, नाहीतर स्पीकरही ४ ओहमचे घाला. फेअरिंगमधल्या स्पीकरचं माप सव्वापाच इंच आहे, या मापाचे मरीन स्पीकर मिळतात.

आपले स्पीकर कितीचे आहेत हे घरीच कळतं. स्पीकरची दोन्ही टोकं सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावा. २ ओहमचा स्पीकर मीटरवर दोनच्या थोडा खाली दाखवतो, ४ ओहमचा तीन ते चारच्या मध्ये. मीटरच्या दोन्ही सुया आधी एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो यातून वजा करायचा.

आणि प्रदेश बघा. सेट अमेरिकेहून कुणाबरोबर मागवणार असाल तर हे महत्त्वाचं आहे. तिकडे एफएम स्टेशनं ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने आणि फक्त विषम दशांशावर असतात: ९३.५, ९८.३ वगैरे. आपल्याकडे पायरी ०.१ ची चालते. अमेरिकी सेटिंगवर राहिलेल्या सेटवर रेडिओ मिर्ची ९८.३ लागेल, पण पुण्याची विविध भारती १०१ वर आहे, ती लागणार नाही. सेट १००.९ वरून थेट १०१.१ वर उडी मारतो. मध्यम लहरींचं तसंच. अमेरिकेत पायरी १० किलोहर्ट्झची, आपल्याकडे ९ ची. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झ आणि मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८, दोन्ही ९ च्या पाढ्यातल्या. १० च्या पाढ्याचा सेट तिथे पोहोचतच नाही. सेटिंगमध्ये प्रदेश बदलण्याची सोय आहे का, हे विकत घेण्यापूर्वी माहितीपत्रकात शोधा. काही सेटमध्ये ती नसतेच.

३. सामान

सेटसोबत तीन गोष्टी लागतात आणि त्या तुमच्या गाडीच्या वर्षाप्रमाणेच घ्यायच्या: अ‍ॅडॉप्टर चौकट, मूळ २३ पिनांच्या कनेक्टरमध्ये बसणारा हार्नेस (तारांची तयार जुडी), आणि हँडलवरची बटणं नव्या सेटला समजावीत म्हणून इंटरफेसचा छोटा डबा. तिन्ही एकत्र असलेले किट अमेरिकेत सहज मिळतात, इथे मागवावे लागतात.

हा डबा खर्चिक वाटून लोक गाळतात. मग डाव्या-उजव्या मुठीपाशी आवाजाची आणि स्टेशनची बटणं असूनही, घाटात हँडल सोडून सेटकडे हात न्यावा लागतो. डबा घ्याच. तो सेटला कसा जोडायचा हे कंपनीवर अवलंबून असतं. काहींना मागे ३.५ मिमीचा रिमोट जॅक असतो, काहींना निळी-पिवळी तार. आपल्या सेटला काय आहे ते बघून डबा ठरवा.

बाकीचं सामान असं:

– टॉर्क्सचे टी-२५ आणि टी-२७ बिट
– इंचातल्या एलन-की आणि सॉकेट
– मल्टिमीटर
– क्रिम्पिंगचा, म्हणजे जोड दाबून बसवायचा, चांगला पक्कड, तारेच्या टोकाला लावायचे उघडे आणि बंद थिंबल, दोन तारा जोडणारे बट कनेक्टर
– आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी हीट श्रिंक नळी
– केबल टाय, कापडी वायरिंग टेप, थोडा फोम
– एक जाड गोधडी किंवा जुनं ब्लँकेट
– तुमच्या मॉडेल वर्षाचं सर्व्हिस मॅन्युअल, निदान त्यातली वायरिंगची आकृती

पुण्यात यातलं इलेक्ट्रिकचं सगळं तपकीर गल्लीत मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. इंचातली हत्यारं मात्र नीट विचारून घ्या. हार्लेचे नट-बोल्ट इंचातले आहेत. पाव इंचाच्या खाचेत ६ मिमीची की जाते, जराशी ढिली बसते, आणि जोर लावला की खाच गोल होते. तो बोल्ट पुढे ड्रिलनेच निघतो.

कागदांचं म्हणाल तर आरसीवर नोंदलेली कुठलीच गोष्ट याने बदलत नाही, म्हणून आरटीओकडे जायचं काम नाही. सेट आणि स्पीकरचं बिल मात्र जपा आणि विमा नूतनीकरणाच्या वेळी इलेक्ट्रिकल व इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सेसरीजमध्ये त्याची किंमत दाखवा. वेगळा हप्ता भरून ते पॉलिसीत घालता येतं. दाखवलं नाही तर चोरी झाल्यावर ते तुमच्या खिशातून.

४. आधी टेबलावर जोडून बघा

गाडीला हात लावण्याआधी नवा सेट, हार्नेस आणि इंटरफेस टेबलावर एकमेकांना जोडा. सेटच्या तारांचे रंग जवळपास सगळीकडे ठरलेले आहेत:

– पिवळी: कायम १२ व्होल्ट, वेळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला
– लाल: किल्ली फिरवल्यावर येणारा सप्लाय
– काळी: अर्थ (अर्थिंग), म्हणजे निगेटिव्ह
– पांढरी: पुढचा डावा स्पीकर, राखाडी: पुढचा उजवा
– हिरवी: मागचा डावा; जांभळी: मागचा उजवा
– निळी-पांढरी: अ‍ॅम्प्लिफायर चालू करणारी

स्पीकरच्या प्रत्येक रंगाची जोडीदार तार त्याच रंगाची, काळ्या पट्ट्याची असते. ती त्या स्पीकरची निगेटिव्ह. हे रंग सेटचे आहेत. गाडीच्या बाजूचे रंग निराळे असतात, ते आकृतीवरून आणि मीटर लावूनच ठरवा.

बाराच्या बॅटरीवर, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज घालून, कुठलाही ४ ओहमचा स्पीकर लावून सेट चालवा. लाल आणि पिवळी दोन्ही पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. ब्लूटूथ जोडा, प्रदेश बदला, स्टेशनची पायरी तपासा. सेट खराब निघाला तर तो टेबलावरच निघालेला बरा.

जोड क्रिम्पच करा. कारवाले सोल्डर करतात आणि तिथे ते टिकतं. ४५ अंशांच्या व्ही-ट्विनवर थरथर इतकी असते की सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होऊन तुटते. तार पिळून वर काळी टेप गुंडाळणं हा प्रकार तर उन्हाळ्यातच सुटतो, गोंद वितळून टेप घसरते. थिंबल दाबल्यावर तार ओढून बघा, मग नळी चढवा.

५. फेअरिंग उघडणं

गाडी सपाट जागी उभी करा. सायरन असलेली गाडी असेल तर फॉब (किल्लीसोबतचा रिमोट) जवळ ठेवून सिस्टीम डिसआर्म झाल्याची खात्री करा, नाहीतर सगळी सोसायटी खाली येईल. सीट काढून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा आणि ती परत टेकणार नाही अशी कापडात गुंडाळून ठेवा. टाकी आणि पुढच्या मडगार्डवर गोधडी पसरा.

फेअरिंगच्या आतल्या बाजूने, म्हणजे चालकाकडून, डावी-उजवीकडचे आणि खालचे स्क्रू काढा. खालच्यांपर्यंत पोहोचायला हँडल एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला वळवावं लागतं. विंडशील्डचे तीन स्क्रू सगळ्यात शेवटी, कारण बाहेरचं कवच तेच धरून असतात. या वेळी कुणालातरी समोर उभं करा. विंडशील्ड वर उचलून काढली की कवच पुढे कलतं. ते ओढू नका, मागे हेडलाइटचा कनेक्टर आहे. तो सोडवा आणि मगच कवच बाजूला ठेवा.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर फेअरिंगची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी खोचून ठेवा. आतलं वायरिंग उघडं पडलं की फोटो काढा, चारही बाजूंनी.

६. जुना सेट काढणं

अँटेनाची केबल आणि २३ पिनांचा कनेक्टर सोडवा. कनेक्टरची कडी दाबून काढायची, तारा धरून नाही. सेटला दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटवर धरणारे स्क्रू सैल केले की तो निघतो. पुढच्या तोंडाभोवतीचं जुनं रबर सील जागेला चिकटून राहिलं असेल तर खरवडून साफ करा. त्याच्यावर नवं सील बसवलं तर पाणी त्या फटीतूनच शिरतं.

७. जोडणी

मूळ वायरिंगवर कटर चालवायचा नाही. किटचा हार्नेस मूळ कनेक्टरमध्ये बसतो, सगळे नवे जोड त्या हार्नेसच्या बाजूला. कधी गाडी विकायची झाली किंवा मूळ सेट परत बसवायचा झाला तर कनेक्टर काढला की झालं. एखादा गॅरेजवाला ‘दोन तारा कापल्या की दहा मिनिटांत होतं साहेब’ म्हणाला, तर चहा पाजून त्याला परत पाठवा.

यातले सापळे तीन.

पहिला, लाल आणि पिवळी तार गाडीवर एकत्र करणं. टेबलावर चालतं, गाडीवर नाही. किल्लीवरचा सप्लाय सापडत नसला की मेकॅनिक दोन्ही कायमच्या सप्लायला जोडतो. सेट चालतो, स्टेशनं लक्षात राहतात, गिऱ्हाईक खूश. पण असा सेट किल्ली काढल्यावरही पूर्ण झोपत नाही. समजा तो २०० मिलिअँपिअर खातोय. या गाड्यांची बॅटरी २८ अँपिअर-तासांची. १४० तासांत, म्हणजे सहा दिवसांत, ती पूर्ण रिकामी. आणि एवढं मोठं इंजिन फिरवण्याची ताकद तर त्याच्या कितीतरी आधी संपते. मीटर लावून बघा: पिवळीवर किल्लीशिवायही साडेबाराच्या आसपास व्होल्ट हवेत, लालवर किल्ली बंद असताना शून्य.

दुसरा, स्पीकरची निगेटिव्ह तार चेसीला लावणं. जुन्या काळच्या सेटमध्ये चालायचं. आताच्या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट असतं. त्यातली एक अर्थ झाली की आउटपुटची चिप जळू शकते.

तिसरा, अर्थ मिळेल तिथे घेणं. फेअरिंगच्या आतला रंगवलेला ब्रॅकेट हा अर्थ नव्हे. हार्नेसमध्ये आलेली मूळ अर्थची तारच वापरा. अ‍ॅम्प्लिफायर वेगळा असेल तर त्याचा आणि सेटचा अर्थ एकाच ठिकाणी घ्या, नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते.

स्पीकर बदलत असाल तर त्यांची दिशा दीड व्होल्टच्या साध्या सेलने तपासा. सेलचं पॉझिटिव्ह स्पीकरच्या पॉझिटिव्हला क्षणभर टेकवलं की पडदा बाहेर यायला हवा. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर एकाच्या तारा उलट्या आहेत. असे दोन स्पीकर एकत्र वाजले की खालचे सूर नाहीसे होतात.

अँटेनाची पिन शेवटपर्यंत दाबा. अर्धवट बसली तर शहरात स्टेशन लागतं आणि चाकणच्या पुढे गेलं की खरखर सुरू होते.

८. बंद करण्याआधी

बॅटरी जोडा, किल्ली फिरवा, कवच उघडं असतानाच सगळं चालवून बघा: दोन्ही स्पीकर, हँडलवरचं प्रत्येक बटण, ब्लूटूथ, एफएम. इंजिन चालू करून रेस द्या आणि शिट्टी येते का ऐका. किल्ली काढल्यावर डिस्प्ले विझतो का बघा.

बॅटविंग फेअरिंग हँडलबरोबर वळते, म्हणजे तुमचा रेडिओही वळतो. चेसीकडून येणारी प्रत्येक तार त्या वळणात वाकते. टाय आवळण्याआधी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठे तार ताणली जात नाही ना, मानेपाशी, म्हणजे हँडल चेसीत फिरतं तिथे, चिमटीत सापडत नाही ना, केबलला घासत नाही ना, हे टॉर्च लावून बघा. घट्ट बांधलेली तार महिनोन्‌महिने चालते आणि मग एक दिवस फक्त डावीकडे वळताना रेडिओ बंद पडू लागतो. इंटरफेसचा डबा फोममध्ये गुंडाळून कोरड्या, उंच जागी बांधा. कनेक्टरची तोंडं खाली राहू द्या, पाणी साठणार नाही.

मग कवच परत, हेडलाइटचा कनेक्टर आठवणीने, विंडशील्ड, आणि सगळे स्क्रू आधी हाताने सुरू करून मग थोडे थोडे घट्ट. विंडशील्डच्या स्क्रूंवर ताकद दाखवू नका. भोकापासून केसासारखी चीर जाते आणि पुढच्या खड्ड्यात ती लांब होते.

९. सेटिंग आणि पहिली फेरी

सव्वापाच इंचाच्या स्पीकरकडून ढोल-ताशाची अपेक्षा करू नका. सेटमध्ये हाय-पास फिल्टर असेल तर ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास लावा. खालचे सूर कापले की आहे तो आवाज वेगातही स्वच्छ राहतो. बेस वाढवून ऐकणाऱ्यांचे स्पीकर हायवेवर फाटतात. मध्यम लहरी मात्र इंजिन चालू असताना नीट ऐकू येतील अशी आशा धरू नका, स्पार्कचा आवाज त्यात मिसळतोच. ७९२ ऐकायचं असेल तर चहाच्या टपरीवर, इंजिन बंद करून.

सिग्नलला थांबलात की आवाज कमी करा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपकावर कायद्याने बंधनं आहेत, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो.

पहिल्या लांब फेरीनंतर फेअरिंगचे स्क्रू एकदा तपासा. पहिल्या मोठ्या पावसानंतर सेटच्या चौकटीभोवती टिश्यू पेपर फिरवून बघा. ओला निघाला तर सील परत बसवा. जुना रेडिओ फेकू नका. त्याला मूळ स्क्रू आणि ब्रॅकेटसकट कोरड्या खोक्यात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवून द्या. गाडी विकताना गिऱ्हाईक तो हमखास मागतं.